डोंगर स्वस्त कुणासाठी?

(डोंगरपट्ट्यातल्या गावांच्या बैठकीत केलेलं हे भाषण. मजुरीमुळे ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. गावात ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आज मोर्च्याचं बोलायचं नाही. आज जमिनीच्या खरेदी-विक्रीचं बोलायचं आहे. हा विषय आपल्या बैठकीत कमी निघतो. घरात मात्र रोज निघतो, अन् तोही दार लावून. म्हणून आज तो सगळ्यांसमोर काढायचा असं आम्ही कार्यकर्त्या पोरापोरींनी ठरवलं.

गेल्या दोन-तीन वर्षांत भोकरदनच्या वरच्या अंगाला, अजिंठ्याच्या डोंगराच्या कडेनं, नवी माणसं दिसू लागली आहेत. कधी मोटारसायकलवर येतात, कधी पांढऱ्या गाडीतून. पाणी मागतात, झाडाखाली बसतात, लेकरांना गोळ्या वाटतात. मग हळूच विचारतात, "हे वावर कुणाचं हो? द्यायचं का?"

हे लोक दोन तोंडांनी बोलतात. छत्रपती संभाजीनगरच्या अन् जालन्याच्या नोकरदाराला सांगतात : डोंगराची हवा आहे, उन्हाळ्यात गार वाटतं, पावसाळ्यात धबधबे पडतात, अजिंठ्याची लेणी जवळ आहेत, शेतघर बांधा, सीताफळाची बाग लावा. आणि आपल्याला सांगतात : खडक आहे, माती नाही, पाणी नाही, रस्ता नाही, काय ठेवलंय इथं? तिकडं विकताना डोंगर सोन्याचा, इकडं घेताना दगडाचा. वावर तेच. मग मधला पैसा कुठं जातो, ते ज्यानं त्यानं ओळखावं.

आता आपण विचार करू की आपला डोंगर स्वस्त काहून आहे. मातीमुळे म्हणावं तर याच मातीत आपण ज्वारी, बाजरी, मका, तूर काढतो. पाण्यामुळे म्हणावं तर पूर्णा अन् केळना या नद्या अजिंठ्याच्या डोंगरातूनच खाली येतात, आणि खालचं बागायत त्यांच्यावर चालतं. आम्हाला असं दिसतं की आपली जमीन दोन कारणांनी स्वस्त आहे. एक, कसणाऱ्याच्या हातात पक्का कागद नाही. दोन, ज्याच्या हातात कागद आहे त्याला त्या कागदात काय लिहिलंय ते माहीत नाही. घेणारा जमिनीला कमी भाव देतो असं आपण म्हणतो, पण खरं पाहता तो आपल्या अडाणीपणाला अन् अडचणीला भाव देतो. कागद पक्का झाला आणि गाव एक राहिलं, तर हाच डोंगर कुणाला स्वस्तात मिळणार नाही.

म्हणून आधी कागद समजून घेऊ. आपल्या डोंगरावर आपल्या लोकांच्या हातात तीन प्रकारची जमीन आहे. प्रत्येकीचा कायदा वेगळा आहे.

पहिली, सात-बाऱ्याची जमीन. आपल्यात ती थोड्यांकडेच आहे, पण आहे. आजा-पणजाच्या नावानं असेल, कुळाची असेल, सीलिंगची मिळालेली असेल. या जमिनीबद्दल महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यात कलम ३६ आणि ३६-अ आहे. ३६-अ हे ६ जुलै १९७४ पासून लागू आहे. ते सांगतं की आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे सरकारी परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. विक्रीनं नाही, बक्षीसपत्रानं नाही, अदलाबदलीनं नाही, गहाण ठेवून नाही, भाडेपट्ट्यानं नाही. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण असेल तर कलेक्टरची आधी परवानगी लागते. विक्री असेल तर कलेक्टरला आधी राज्य सरकारची मान्यता घ्यावी लागते. आधी म्हणजे आधी. व्यवहार करून मग परवानगी आणतो म्हणणारा फसवतो आहे असं समजा.

याच कलमात एक फार कामाची गोष्ट आहे, ती गावोगाव कुणी सांगत नाही. त्याच गावातला किंवा पाच किलोमीटरच्या आतला कुणी आदिवासी ती जमीन घ्यायला तयार असेल, तर बिगर-आदिवासीला द्यायची परवानगी कलेक्टरनं देऊच नये असं कायदा म्हणतो. म्हणजे विकायची वेळच आली तर पहिला मान आपल्याच माणसाचा. हे ध्यानात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

काही लोक म्हणतात, "आपला जालना जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, इथं पेसा नाही, मग आदिवासींचा कायदा इथं कसा चालेल?" पेसा इथं नाही हे खरं. जिल्ह्यात आपण मूठभर आहोत हेही खरं. पण कलम ३६ मध्ये स्पष्ट आहे की आदिवासीची जमीन राज्यात कुठंही असो, तिला हे संरक्षण आहे. नंदुरबारच्या भिल्लाला आहे तेवढंच भोकरदनच्या भिल्लाला आहे. पारध्याला आहे, अंधाला आहे, ठाकराला आहे. कुणी तलाठ्याच्या चावडीवर उलटं सांगितलं तर कलमाचा नंबर सांगा : छत्तीस आणि छत्तीस-अ. आपल्या पोरांनी शाळेत पाढे पाठ केले तसे हे दोन नंबर पाठ करावेत.

आणि ज्यांच्या जमिनी जुन्या काळी गेल्या त्यांच्यासाठी १९७४ चा दुसरा कायदा आहे, आदिवासींना जमिनी परत देण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेल्या जमिनींसाठी तो केला. १९७४ नंतर परवानगीशिवाय गेलेल्या जमिनीची चौकशी कलेक्टर स्वतःहून करू शकतो, किंवा आपल्या अर्जावर करू शकतो. अशा कामाला मुदती असतात. "बघू पुढच्या साली" असं म्हणू नका. म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोणतं वावर कधी गेलं, कुणाकडं गेलं, अन् लिहून ठेवा.

दुसरी, वनजमीन. डोंगरावर आपल्यातल्या बऱ्याच घरांचं पोट याच जमिनीवर आहे. पिढ्यान् पिढ्या कसली, दंड भरला, उभं पीक जनावरांच्या तोंडी गेलेलं पाहिलं. ३ मे २००२ ला दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयानं अतिक्रमणं हटवायचं पत्र काढलं, तेव्हा काय काय झालं ते आपल्या आया सांगतील. त्यानंतर देशभरच्या लढ्यातून वनहक्काचा कायदा आला, २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासीच्या ताब्यात असलेल्या, तो स्वतः कसतो त्या वनजमिनीवर त्याचा हक्क या कायद्यानं मान्य होतो, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. चार हेक्टर म्हणजे साधारण दहा एकर. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, हेही कायद्यातच आहे.

या कायद्याचं कलम ४, पोटकलम ४ नीट ऐका. हा हक्क वारसानं लेकरांना मिळतो, पण विकता येत नाही अन् दुसऱ्याच्या नावे करताही येत नाही. लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. म्हणजे वनपट्ट्याची जमीन विकत घेतो म्हणणारा माणूस जी वस्तू विकताच येत नाही ती विकत घेतोय. त्याला हे माहीत असतं बरं का. तरी घेतो. कारण त्याला पट्टा नको असतो, त्याला ताबा पाहिजे असतो. बॉण्डवर लिहून घेतो, चार पैसे देतो, कुंपण घालतो, दोन खोल्या बांधतो. मग दहा वर्षांनी म्हणतो, मीच इथला राहणारा.

अन् जिथं दावा अजून मंजूर नाही तिथं तर जास्त धोका आहे. दावा प्रलंबित असताना ताबा सोडला तर दावाच मोडतो. कसणारा म्हणून आपलं नाव आणि वावरात दुसऱ्याचा नांगर, असं मोजणीच्या दिवशी दिसलं तर वनहक्क समितीनं काय लिहायचं?

तिसरी, गायरान. आपल्या मराठवाड्यात गायरानासाठी दलित, पारधी, भिल्ल यांनी किती मार खाल्ला ते नव्यानं सांगायला नको. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय सरकारनं १९९१ साली काढला. काहींची नावं लागली, पुष्कळांची राहिली. ज्यांची लागली ती जमीन भोगवटादार वर्ग २ ची असते, ती परवानगीशिवाय विकता येत नाही. ज्यांची राहिली त्यांनी पुरावे जपून ठेवा. २०११ सालच्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पंजाबच्या एका खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. त्याच निकालात असंही आहे की सरकारी आदेशानं भूमिहीन मजुराला किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला पट्टा दिला असेल तर तो अपवाद धरता येतो. उद्या कुणी अर्धाच निकाल वाचून दाखवला तर उरलेला अर्धा आपण वाचायचा.

आता हे लोक जमीन घेतात कसे ते सांगतो. चार वाटा आम्ही पाहिल्या.

एक, बॉण्ड. इसार पावती, साठेखत, नोटरीचा शिक्का. लाल शिक्का पाहिला की आपला माणूस समजतो, सरकारी झालं. पण शंभर रुपयांवरच्या किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणी केलेल्या खरेदीखताशिवाय होत नाही. नोटरी म्हणजे रजिस्ट्री नव्हे. मग तो बॉण्ड काहून करतो? आपल्याला बांधून ठेवायला. उद्या नाही म्हटलं तर म्हणतो, "इसार दिलाय, दुप्पट परत दे, नाहीतर केस करतो."

दोन, कुलमुखत्यारपत्र. "तुम्हाला कचेरीत हेलपाटे नको, माझ्या नावानं अधिकार द्या, मी सगळं करून देतो." त्या एका अंगठ्यानं तो तुमच्या नावानं सही करायचा माणूस होतो.

तीन, आपलाच माणूस पुढं करायचा. पैसा सावकाराचा, नाव त्याच्या आदिवासी सालगड्याचं. सात-बाऱ्यावर सालगडी मालक, अन् तोच मालक दुसऱ्याच्या वावरात गडी. बेनामी व्यवहाराला १९८८ पासून बंदी आहे. सालगड्यानं घाबरू नये, त्यानं संघटनेकडं यावं.

चार, वारस गाठायचा. आपल्यात आजा मेला तरी सात-बारा आज्याच्याच नावावर राहतो. वारसांची नोंद कुणी लावत नाही. मग घेणारा पाच भावांतला एक धरतो, बहुतेक वेळा दारूच्या आहारी गेलेला, अन् त्याच्याकडून सगळ्याचं लिहून घेतो. बहिणींना तर कुणी विचारतच नाही. म्हणून या बैठकीनंतरचं पहिलं काम वारस नोंदीचं. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, मुलींचीसुद्धा, तलाठ्याकडं अर्ज, अन् अर्जाची पोच. पोच घेतल्याशिवाय चावडीतून उठायचं नाही.

फेरफाराचंही असंच आहे. तलाठ्याकडं नोंद धरली की हितसंबंध असणाऱ्यांना नोटीस देतात, हरकतीला पंधरा दिवस असतात, हरकत आली तर ती तक्रार नोंदवहीत जाते अन् सुनावणी होते. नोटीस चावडीवर लागते. आपण ऊसतोडीला गेलेलो असतो, वीटभट्टीवर असतो, पिंपळगाव रेणुकाईच्या पट्ट्यात मिरची तोडायला असतो. पंधरा दिवस निघून जातात. म्हणून गावात राहणाऱ्या एका तरी पोरानं किंवा पोरीनं दर आठवड्याला चावडीवर चक्कर मारायची. ही मोठी क्रांती नाही, पण यानं वावर वाचतं.

आता जरा लांबचं सांगतो, म्हणजे आपलं दुखणं आपल्यापुरतंच नाही हे कळेल. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात मोसे नदीचं खोरं आहे. वरसगाव धरणाच्या पाण्याभोवतीच्या डोंगरात लवासा नावाचं शहर बांधायला घेतलं. डोंगरात नवी थंड हवेची ठिकाणं उभी करायचं धोरण सरकारनं १९९६ ला आणलं, त्याच्या आधारानं ते आलं. अठरा गावांचा डोंगर त्यात आला. तिथं कातकरी आहेत, धनगर आहेत, मराठा शेतकरी आहेत. २०१० साली २५ नोव्हेंबरला दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयानं तिथलं काम थांबवायची नोटीस काढली, ती पेपरात सगळ्यांनी वाचली. पण ध्यानात घ्या, नोटीस निघाली तोवर रस्ते झाले होते, बंगले झाले होते. अन् ती नोटीस पर्यावरणाच्या परवानगीसाठी होती. ज्यानं आपलं वावर दिलं त्याचं वावर त्या नोटिशीनं घरी येत नाही. हीच ती मुळशी, जिथं १९२१ ला सेनापती बापटांनी धरणाच्या विरोधात शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला होता. डोंगरातली जमीन जायला लागली की किती पिढ्या झगडावं लागतं, ते तिथं दिसतं.

उलट बाजूही पाहा. हिमाचल प्रदेश हे सगळं डोंगराचं राज्य. तिथं १९७२ च्या कायद्याचं कलम ११८ आहे. जो तिथला शेतकरी नाही त्याला सरकारच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तिथं ते कलम आदिवासीपुरतं नाही, सगळ्या डोंगरी शेतकऱ्यांसाठी आहे. तिकडं झारखंडात बिरसा मुंडांचं उलगुलान झालं, ते १९०० साली तुरुंगात वारले, अन् त्यांच्यानंतर आठ वर्षांनी १९०८ ला इंग्रजाला छोटा नागपूरचा कुळकायदा करावा लागला. त्यात आदिवासीची जमीन बाहेरच्याला द्यायला बंधन आलं. म्हणजे डोंगराची जमीन बाजारात मोकळी सोडली तर डोंगरातला माणूस उरत नाही, हे इंग्रजालाही मानावं लागलं. आपण मागतो ते काही जगावेगळं नाही.

आता अवघड गोष्टीकडं येऊ. कुणी म्हणेल, "कायदे सांगता ते ठीक, पण घरात दुखणं निघालं, पोरीचं लग्न आलं, तर पैसा कुठून आणायचा? वावर विकू नको म्हणणं सोपं आहे." हा प्रश्न खरा आहे. विकणाऱ्याला शिव्या देऊन तो सुटणार नाही. आपल्यातलं कुणीही हौसेनं विकत नाही. डोंगरावर राहणं स्वस्त आहे असं बाहेरचे म्हणतात. इथं बाईला मार्च-एप्रिलमध्ये पाण्याला किती लांब जावं लागतं, अडलेली बाळंतीण खाटेवर टाकून किती उतरावं लागतं, हे त्या स्वस्तात धरलेलं नसतं. जे पैशानं मोजत नाहीत ते आपण अंगानं भरतो.

तरी हिशोब करू. समजा एका घरात दोन एकर कोरडवाहू आहे अन् पाच माणसं आहेत. एका माणसाला महिन्याला बारा किलो धान्य धरलं तर पाच जणांना साठ किलो, वर्षाला सात क्विंटल वीस किलो. बरं साल असलं अन् एकरी चार क्विंटल ज्वारी-बाजरी झाली तर दोन एकरांत आठ क्विंटल. म्हणजे वर्षाची भाकर घरची. कुणी म्हणेल एवढं धान्य विकतही घेता येतं. येतं. पण वावर धान्यापुरतं नसतं. त्याच्या धुऱ्यावर शेळ्या जगतात. त्याच्या सात-बाऱ्यावर सोसायटीचं कर्ज मिळतं, कोर्टात जामीन राहता येतं, दुष्काळाची मदत येते. अन् सगळ्यात मोठं म्हणजे, घरात भाकर असली तर मुकादमाची उचल नाकारता येते. ज्याच्याकडं दोन एकर आहे तो मुकादमाला म्हणू शकतो, एवढा भाव दे नाहीतर येत नाही. ज्याच्याकडं काही नाही तो म्हणतो, काय द्यायचं ते द्या. हा फरक बॉण्डवर लिहिलेला नसतो.

अन् विकलेल्या पैशाचं काय होतं तेही आपण पाहिलंय. पैसा एकदम हातात येत नाही. इसार येतो, मग तुकडे येतात, शेवटचा तुकडा येतच नाही. त्यात जुनं देणं फिटतं, लग्न होतं, एखादी सेकंडहँड गाडी येते. उरलेल्या पैशात पोरं म्हणतात, शहराजवळ प्लॉट घेऊ. जालन्याच्या सळईच्या कारखान्यात काम मिळतं, रोज जाणं-येणं परवडत नाही, जागा लागतेच. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण तिथं काय मिळतं? कुणाच्या तरी वावराचे तुकडे पाडलेले असतात. एक गुंठा, दीड गुंठा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. अकृषिक परवानगी नाही, मंजूर नकाशा नाही, रस्ता कागदावर नाही, नळ नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, त्यामुळे एवढ्या तुकड्याचा सात-बारा साध्या वाटेनं होत नव्हता. मग तिथंही बॉण्ड. म्हणजे डोंगरावर बॉण्डवर विकलं अन् शहरात बॉण्डवर घेतलं. दोन्हीकडं पैसा खरा, कागद कच्चा. उद्या अतिक्रमण म्हणून पाडायला आले तर तिथंही आपणच अतिक्रमणवाले.

शहरात जागा घ्यायची तर घ्या, बंदी नाही. पण आधी विकणाऱ्याचा सात-बारा अन् आठ-अ बघा, तो आजच्या तारखेचा घ्या. अकृषिक आदेश मागा, मंजूर नकाशा मागा. बोजा आहे का ते इतर हक्काच्या रकान्यात बघा. दुय्यम निबंधकाकडं रजिस्ट्री होते का विचारा. नाही म्हटलं तर चहा पिऊन परत या. अन् त्या जागेसाठी डोंगरावरचं वावर सोडू नका. एक पाय ठेवायला जागा असेल तरच दुसरा पाय उचलता येतो.

मग अडीनडीला करायचं काय? आम्ही असं सुचवतो, गावानं ठरवावं.

अडचण आली की ती दार लावून सोसायची नाही. गावबैठकीत सांगायची. बचत गटातून, गावच्या फंडातून काय होतं ते पाहायचं. फंड नसेल तर काढायचा, घरटी महिन्याला दहा रुपये का असेना. तेवढ्यानं भागत नसेल अन् जमीन ठेवायचीच वेळ आली, तर आपल्याच आदिवासी शेजाऱ्याकडं, मुदत लिहून, चार माणसांसमोर ठेवायची. कलेक्टरची परवानगी कुठं लागते ते आधी विचारायचं. विकायचीच झाली तर पाच किलोमीटरच्या आतल्या आदिवासीला पहिला मान, हे मघाशी सांगितलेलं कलम इथं कामाला येतं. एकट्याला घेणं जमत नसेल तर चार घरांनी मिळून घ्यावं. डोंगरातली जमीन डोंगरातच राहील.

कोणत्याही कागदावर सही-अंगठा करण्याआधी तो कागद गावात मोठ्यानं वाचायचा. जो माणूस म्हणतो "गावात सांगू नका", त्याच्याच कागदात खोट असते. बायकोला विचारल्याशिवाय नवऱ्यानं अंगठा द्यायचा नाही. वनपट्टा दोघांचा आहे, मग सात-बाऱ्याच्या वावराचा निर्णयही दोघांनीच घ्यावा.

ज्यांचे वनहक्काचे दावे राहिले त्यांनी या हंगामात भरायचे. पुरावे दोन तरी जोडा. दंडाची पावती, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टी, जुना बांध, विहीर, आपल्या मसणवट्याची जागा, देवाचं ठाणं, म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, हे सगळं नियमात पुरावा म्हणून धरलेलं आहे. दावा नाकारला तर लेखी मागा. साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडं दाद मागता येते. तोंडी "नामंजूर" हे उत्तर नव्हे. अन् एकेकट्याच्या दाव्याबरोबर गावाचा सामूहिक दावाही टाका. चराई, सरपण, सीताफळ, डिंक, पाणवठा यावर गावाचा हक्क लागला तर कुणाला एकाला फोडून डोंगर घेता येणार नाही.

बाहेरच्या माणसाशी आपलं भांडण नाही. कुणाला डोंगराची हवा खायची असेल तर त्यानं यावं, आपल्या घरची भाकर खावी, दोन दिवस राहावं, पैसे देऊन जावं. पाहुण्याला आपण कधी नाही म्हटलं नाही. पण पाहुणा आला म्हणजे घर त्याच्या नावावर करून देत नाहीत.

शेवटी एवढंच. ही भाषणाची पानं घरी नेऊन चुलीजवळ ठेवू नका. कलमांचे नंबर भिंतीवर कोळशानं लिहा. पुढच्या बैठकीत प्रत्येक गावानं तीन गोष्टींचा हिशोब आणायचा : किती वारस नोंदी लागल्या, किती दावे भरले, अन् किती बॉण्ड गावासमोर वाचले गेले.

कसेल त्याची जमीन, राखील त्याचं जंगल!
जय आदिवासी!